माणदेशाचं चित्र कुणाच्या हातचं?

1983 साली अंबाजोगाईच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. पुढच्याच वर्षी जळगावला अध्यक्ष झाले शंकरराव खरात. दोघेही आटपाडी तालुक्यातले. त्याआधी 1973 साली यवतमाळला ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, तेही याच मातीतले. पुढे 1997 साली अहमदनगरला ना. सं. इनामदार आले, ते शेजारच्या खटावचे. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा, आणि पोटासाठी दर पिढीला गाव सोडायची सवय. असल्या मुलखाने मराठी साहित्याला चार संमेलनाध्यक्ष दिले. याचा अभिमान आपण भाषणांतून पुष्कळदा मिरवतो. पण या मुलखातून आलेल्या चित्रांचा, कथांचा, ललित लेखनाचा आणि कवितेचा एकत्र विचार फारसा होत नाही. तो करायचा, तर नावांच्या यादीपेक्षा एक प्रश्न पुढे ठेवावा लागतो. माणदेशाचं जे चित्र मराठी मनात ठसलं आहे ते कुणी काढलं? आणि ज्यांचं ते चित्र होतं, त्यांच्या हातात कुंचला आणि लेखणी कधी आली?

मुलूख कोणता, तेही आधी सांगायला हवं. माण नदी, म्हणजे माणगंगा, कुळकजाईच्या डोंगरात उगवते. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला असा प्रवास करून ती पंढरपूरच्या बाजूला भीमेला मिळते. माण आणि खटाव साताऱ्याचे, आटपाडी सांगलीचा, सांगोला सोलापूरचा. जत आणि कवठेमहांकाळ नदीच्या खोऱ्याबाहेर पडले, तरी ऊन, माळ, मेंढरं आणि बोलण्याची ढब यांनी ते याच कुटुंबातले. जिल्ह्यांच्या हद्दी इथे फारशा कामाच्या नाहीत. त्यापेक्षा जुनी एक हद्द जास्त कामाची आहे, ती औंध संस्थानाची. आटपाडी महाल या संस्थानात होता. माडगुळं त्यातच, खरातांची आटपाडी त्यातच. माणदेशी कलेचा विचार औंधला टाळून करताच येत नाही.

औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोकांचे बाळासाहेब, स्वतः चित्रकार होते. हौस म्हणून अधूनमधून रंग कालवणारे संस्थानिक पुष्कळ झाले, हे तसे नव्हते. त्यांचं चित्ररामायण 1916 साली छापून निघालं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागे त्यांचा पैसा होता आणि चित्रांचा ध्यासही होता. ते कीर्तन करत, सूर्यनमस्कारांचा प्रचार करत आणि संस्थानात शाळा काढत. शिक्षणासाठी साने गुरुजी लहानपणी कोकणातून औंधला आले, ते इथे गरीब मुलाची सोय होते म्हणून. 1938 साली बाळासाहेबांनी यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारलं. आजही तिथे गेलं की एका दालनात राजा रविवर्मा आणि धुरंधर, दुसरीकडे बंगाल शैलीची चित्रं, पहाडी शैलीतली किरातार्जुनीयाची मालिका, युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती आणि हेन्री मूर यांचं माय-लेकराचं शिल्प दिसतं. मूर हे विसाव्या शतकातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या शिल्पकारांपैकी एक. त्यांचं काम खटाव तालुक्यातल्या एका डोंगरावर आहे, हे पुण्यामुंबईच्या कितीतरी चित्रकारांना सांगावं लागतं.

या संग्रहालयाचं मोल मी फार मोठं मानतो. मुंबईला किंवा बडोद्याला संग्रह असणं समजण्यासारखं आहे, पण इथे राजाने आपल्या कोरडवाहू प्रजेच्या अंगणात जगाची चित्रं आणून ठेवली. औंधला स्थायिक झालेले पंडित सातवळेकर वेदाभ्यासक म्हणून प्रसिद्ध आहेत, पण ते मुळात शिकलेले चित्रकार होते. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर पुढे युरोपात शिकून आले आणि महाराष्ट्राचे कलासंचालक झाले. म्हणजे एका छोट्या संस्थानाच्या गावात चित्रकलेची परंपरा रुजायला जे जे लागतं ते सगळं होतं: आश्रयदाता, संग्रह, जाणकार आणि नवी पिढी. तरी ती रुजली नाही. 1948 साली संस्थान विलीन झालं, सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळ या वेदाभ्यासाच्या संस्थेचा संसार गुजरातमधल्या पारडीला गेला आणि संग्रहालय शाळांच्या सहलींचं ठिकाण झालं. आज माण-खटावचा चित्रात हात असलेला मुलगा एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा देतो, मग कोल्हापूर-सांगलीला जाऊन कलाशिक्षकाची पदविका घेतो आणि नोकरी मिळालीच तर कुठल्या तरी हायस्कुलात चित्रकलेचा शिक्षक होतो. त्याच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर हेन्री मूर आहे. या मुलाला त्या डोंगरावर वर्षातून महिनाभर राहून काम करता आलं, समोर मूळ चित्र ठेवून रेघ शिकता आली, तर काय होईल याचा विचार व्हायला हवा. संग्रह आहे, इमारत आहे, नाव आहे. मुलांना तिथे राहून काम करू देण्याची योजना तेवढी हवी.

औंधचं एक देणं मात्र शब्दांत उतरलं. ग. दि. माडगूळकर 1919 साली शेटफळ्याला जन्मले आणि त्यांच्या शिक्षणाचा काही काळ औंधला गेला. राजाच्या चित्ररामायणानंतर एकोणचाळीस वर्षांनी, 1 एप्रिल 1955 रोजी, पुणे आकाशवाणीवरून गदिमांचं गीतरामायण सुरू झालं. वर्षभर, आठवड्याला एक अशी छप्पन्न गीतं झाली आणि सुधीर फडक्यांच्या चालींनी ती घराघरांत गेली. चित्ररामायण ते गीतरामायण हा धागा काही जणांनी ओळखला आहे. पण गदिमांच्याच आटपाडी तालुक्यातलं तिसरं रामायण या धाग्यात कुणी ओवत नाही. करगणीला 1953 साली जन्मलेले अरुण कांबळे हे दलित पँथरचे संस्थापक-नेते, कवी, मुंबई विद्यापीठातले मराठीचे प्राध्यापक. त्यांनी 'रामायणातील संस्कृतिसंघर्ष' हा ग्रंथ लिहिला आणि जिंकणाऱ्यांनी सांगितलेली कथा हरलेल्यांच्या बाजूने तपासली. एक रामायण राजाने रंगवलं, दुसरं कुलकर्ण्याच्या घरातल्या कवीने गायलं, तिसरं महारवाड्यातून शिकून वर आलेल्या पोराने उलटं वाचलं. तिन्ही माणगंगेच्या टापूतली, साठ-सत्तर वर्षांच्या आतली. या तीन कृतींना शेजारी शेजारी ठेवून एखादं चर्चासत्र आटपाडीत व्हायला काय हरकत आहे? गीतरामायणाचे कार्यक्रम वर्षभर होतात, ते व्हावेतच. पण त्याच मांडवात अरुण कांबळ्यांचं पुस्तक उघडल्याशिवाय या मुलखाचा सांस्कृतिक इतिहास पुरा होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता कथेकडे येऊ, कारण माणदेशाची खरी श्रीमंती तिथेच आहे. 1949 साली 'माणदेशी माणसं' आलं, तेव्हा व्यंकटेश माडगूळकर बावीस वर्षांचे होते. झेल्या, रामा मैलकुली, धर्मा रामोशी, शिदा चांभार, बाबाखान दरवेशी. माणूस समोर उभा राहतो, चार वाक्यांत त्याचं घर दिसतं, बोलणं ऐकू येतं आणि लेखक बाजूला होतो. माडगूळकरांना चित्रकार व्हायचं होतं. रेघेवर त्यांचा हात होता, पुढे त्यांनी स्वतःची रेखाटनंही छापली. त्यांची कथा वाचताना ते जाणवतं. ते रंग भरत बसत नाहीत, कमीत कमी रेघांत माणूस पकडतात. त्या काळी ग्रामीण कथा म्हणजे एकतर विनोद, नाहीतर हिरव्या शेतातलं प्रेम अशी चाल होती. माडगूळकरांनी ती मोडली. त्यांच्या शिवारात हिरवं फार कमी आहे.

'बनगरवाडी' 1955 साली आली. तिच्यात मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. आधी पोरं नाहीत, मग पोरं येतात, मग तालीम बांधली जाते आणि तिच्यासाठी खुद्द पंत सरकार वाडीवर येतात. म्हणजे औंधचा तो चित्रकार राजा इथे कादंबरीतलं पात्र होऊन भेटतो. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी मेंढरं घेऊन परागंदा होते. 1958 साली राम देशमुख यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला. 1995 साली अमोल पालेकरांनी चित्रपट केला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पालेकर जे. जे.त शिकलेले चित्रकार, हे त्यातल्या मोकळ्या माळाच्या चौकटी पाहताना विसरता येत नाही.

माडगूळकरांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. पण हेही म्हणायला हवं की 'माणदेशी माणसं'मधला निवेदक कुलकर्ण्याच्या ओट्यावरून पाहतो. त्याची नजर मायेची आहे, न्यायाची आहे, पण ओट्यावरचीच आहे. गणा महार किंवा धर्मा रामोशी त्याच्याकडे येतात, बोलतात आणि निघून जातात. ते घरी गेल्यावर काय होतं, हे निवेदकाला फक्त अंदाजाने ठाऊक आहे. ती बाजू त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या लेखकाने सांगितली.

शंकरराव खरात 1921 साली आटपाडीत जन्मले. वडील गावचे तराळ. 'तराळ-अंतराळ' या आत्मकथनातला एक प्रसंग ज्याने वाचला तो विसरला नसेल. विहिरीत प्रेत तरंगतंय. गावकामगार म्हणून त्याच्यावर राखण करायची पाळी खरातांच्या वडिलांची आहे, ऊन तापतंय, पोटात काही नाही. पोलीस येतात आणि हुकूम सुटतो की विहिरीत उतरून प्रेत बाहेर काढ. कपारीत साप. काठावर लहान मुलगा उभा राहून बापाला आत उतरताना पाहतो आहे. खरात इथे एकही मोठा शब्द वापरत नाहीत. दोर, पायऱ्या, पाणी, हुकूम देणाऱ्याचा आवाज, एवढंच. 'बारा बलुतेदार', 'तडीपार', 'सांगावा', 'टिटवीचा फेरा' या त्यांच्या कथासंग्रहांतही हीच रीत आहे. बाबासाहेबांच्या चळवळीतला हा कार्यकर्ता 'प्रबुद्ध भारत'चा संपादक होता, पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पण त्यांच्या कथेला समीक्षेने द्यावं तितकं दिलं नाही. साठोत्तरी दलित साहित्याचा स्फोट झाला तेव्हा खरात जुने वाटले, आणि त्याआधी नवकथेच्या चर्चेत माडगूळकरांच्या शेजारी त्यांचं नाव घेण्याची पद्धत नव्हती. दोन वर्षं लागोपाठ अध्यक्ष झालेल्या या दोन आटपाडीकरांना एकाच वर्गात, एकाच आठवड्यात शिकवलं पाहिजे. गाव तेच, काळ तोच, मात्र एकजण ओट्यावर आणि एकजण विहिरीच्या काठावर. त्याशिवाय विद्यार्थ्याला गाव कळायचं नाही.

आणि तिसरा आवाज बाईचा. शांताबाई कांबळे 1923 साली सांगोल्याजवळच्या महूदला जन्मल्या. दलित घरातली मुलगी शाळेत गेली, शिकली, शिक्षिका झाली आणि निवृत्तीनंतर तिने 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. पुस्तक 1986 साली आलं आणि दलित स्त्रीच्या पहिल्या आत्मकथनांत त्याची गणना होते. पुढे त्यावर दूरदर्शनची मालिका झाली. अरुण कांबळे त्यांचे चिरंजीव. त्याच सुमाराला डोंगरापलीकडच्या फलटणमध्ये बेबीताई कांबळे 'जिणं आमुचं' लिहीत होत्या आणि फलटण तालुक्यातलेच लक्ष्मण माने 'उपरा' लिहून 1981 चं साहित्य अकादमी पारितोषिक घेऊन बसले होते. पाच-सहा वर्षांत, पन्नास-साठ मैलांच्या पट्ट्यात, ज्यांच्याविषयी आजवर इतरांनी लिहिलं त्या माणसांनी स्वतः लिहायला घेतलं. मराठी गद्याच्या इतिहासात याला तोड कमी. शांताबाईंच्या पुस्तकाची बोली आजही कानाला ताजी लागते. त्यात दुःखाची आरास नाही. भाकरीचा तुकडा, आईचं ओरडणं, मास्तरांची शाबासकी, सगळं एकाच स्वरात येतं.

जत-कवठेमहांकाळच्या बाजूला चारुता सागर यांचं नाव घ्यावंच लागतं. दिनकर दत्तात्रय भोसले हे त्यांचं खरं नाव, गाव मळणगाव. 'नागीण', 'नदीपार', 'मामाचा वाडा' असे मोजकेच संग्रह, पण त्यांतल्या कथांत माणदेशी कथेला न सापडलेलं एक गूढ आहे: देवाला सोडलेली माणसं, भटकी माणसं, शरीराची भूक आणि श्रद्धेची दहशत. 'दर्शन' ही त्यांची कथा आणि राजन गवसांच्या कादंबऱ्या मिळून 'जोगवा' चित्रपट झाला, तेव्हा पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. कथाकार म्हणून त्यांना मी माडगूळकरांच्या पंक्तीला बसवतो.

सिनेमाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. आटपाडीजवळ औंध संस्थानाने 1939 साली स्वतंत्रपूर ही खुली तुरुंग-वसाहत सुरू केली. खुनाची शिक्षा झालेले कैदी भिंतीशिवाय राहत आणि शेती करत. त्या प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' झाला. 1958 साली बर्लिनला त्याचा गौरव झाला. कैद्यांची ती जागा आजही आहे.

आजच्या पिढीचं सगळ्यांत ठळक पुस्तक 'फेसाटी'. जत तालुक्यातल्या निगडीच्या नवनाथ गोरे यांची ही आत्मकथनात्मक कादंबरी 2017 साली आली आणि 2018 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. 'बनगरवाडी'तल्या शाळेत बळंबळं आणून बसवलेलं धनगराचं पोर साठ वर्षांनी स्वतः लिहायला लागलं, तर काय लिहील? ते 'फेसाटी'त आहे. मास्तर इथेही आहे, पण आता तो दुरून दिसतो. मेंढरं राखणं, दुसऱ्याच्या बांधावर राबणं, वह्यापुस्तकांसाठी तोंड वेंगाडणं, कॉलेजात गेल्यावर आपल्या बोलण्याची लाज वाटणं, हे सगळं आतून येतं. जतची बोली कन्नडच्या उंबऱ्यावरची, तिचे तुटक हेल गोरे यांनी निवेदनातही ठेवले. संवाद बोलीत आणि निवेदन पुणेरी, ही ग्रामीण साहित्यातली जुनी सोयरीक त्यांनी मोडली. कादंबरी काही ठिकाणी पसरते, हालअपेष्टांची रांग लांबते, हे खरं आहे. पण भाषेचा हा निर्णय मोठा आहे. पुरस्कारानंतर दोन वर्षांनी टाळेबंदीत हातातलं तासिका तत्त्वावरचं काम गेल्याने या लेखकावर मजुरीला जाण्याची वेळ आली, अशा बातम्या सगळ्यांनी वाचल्या. चार दिवस हळहळ झाली. सन्मान करणाऱ्या व्यवस्थेला लेखकाच्या चुलीशी देणंघेणं नसतं, हे त्यातून उघडं पडलं आणि त्याचा राग यायलाच हवा.

कवितेचं चित्र मात्र पातळ आहे. गदिमांनंतर आणि अरुण कांबळ्यांच्या पँथरकाळातल्या धारदार कवितेनंतर या मुलखाची म्हणून ओळखू येईल अशी कविता कमी झाली. कविसंमेलनं गावोगावी होतात. दुष्काळ, बाप, माय, पाऊस या चार खांबांवर कविता उभी राहते आणि टाळ्याही घेते. पण त्यातल्या बहुतेक कवितांतली तहान कुठल्याही तालुक्याची असू शकते. माणची तहान निराळी असते. डोळ्यांपुढे राजेवाडीचा तलाव आहे आणि पाणी पलीकडच्या तालुक्याचं आहे. दावणीला खिलार बैल आहे आणि त्याला छावणीत न्यायचं की खरसुंडीच्या जत्रेत विकायचं हे रात्रीत ठरवायचं आहे. एवढं नेमकं लिहिणारा कवी मिळाला तर तो दुष्काळावरच्या शंभर कवितांना पुरून उरेल.

छापील कवितेपेक्षा तोंडी कविता इथे अजून बळकट आहे. धनगरी ओवीत गाणं आणि गद्य कथन आळीपाळीने चालतं. एकजण गातो, मग थांबून तीच कथा बोलून उलगडतो, पुन्हा ढोल. बिरोबा, त्याची मेंढरं, रानातली वाट, बाईचा शाप असं रात्रभर चालतं. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात किंवा गजी नाचाच्या फडात, पांढऱ्या पोशाखातल्या माणसांचा रिंगणातला फेर पाहिला की चित्र, कथा आणि कविता वेगवेगळ्या खोल्यांत कोंडण्याची आपली सवय किती अलीकडची आहे ते कळतं. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यात आणि समजून घेण्यात घालवली. आपल्या विद्यापीठांनी त्या कामाचा पाठपुरावा फार थोडा केला. बायकांच्या ओव्यांना मात्र म्हसवडमध्ये एक नवी जागा मिळाली. चेतना सिन्हा यांनी 1997 साली सुरू केलेल्या माणदेशी महिला बँकेच्या कामातून पुढे 'माणदेशी तरंग' हे समुदाय रेडिओ केंद्र उभं राहिलं आणि जात्यावर गाणाऱ्या बाया माइकसमोर बसू लागल्या. शांताबाईंनंतर बाईच्या हाताने लिहिलेलं मोठं गद्य या पट्ट्यातून आलेलं नाही, पण बाईचा आवाज थांबलेला नाही. तो कागदावर कधी उतरतो याची वाट पाहायला हवी.

सगळ्यांत मोठी पोकळी आहे ती गेल्या चाळीस वर्षांच्या बदलाची. माणदेशी साहित्य म्हटलं की आजही डोळ्यांपुढे 1955 चा माळ येतो. दरम्यान बरंच पाणी वाहून गेलं, अक्षरशः. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांच्या पाणी चळवळीने आटपाडीत परिषदांवर परिषदा घेतल्या. टेंभू, म्हैसाळ, उरमोडीचं पाणी उचलून काही गावांपर्यंत आलं. जिथे बाजरी होती तिथे डाळिंबाच्या बागा झाल्या, तेल्या रोगाने त्यातल्या कितीक गेल्याही. जमिनीला भाव आला, भावाबरोबर भावकीचे तंटे आले. सांगोल्याच्या बाजूचे सीताराम सावंत 'भुई भुई ठाव दे'मध्ये जमीन हातची जाण्याची गोष्ट लिहितात, ती या बदलाला भिडणाऱ्या थोड्या कृतींपैकी एक.

आणि गलाईवाले? आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळच्या गावागावांतली पोरं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर गेली. कोलकात्याच्या, कोइमतूरच्या, बिहारमधल्या कुठल्या तरी सराफकट्ट्यामागच्या बोळात दहा बाय दहाच्या खोलीत भट्टी, नायट्रिक ॲसिडचा धूर, मुशीतलं वितळलेलं सोनं, आणि संध्याकाळी गावाकडे फोन. त्यांच्या पैशावर गावात बंगले उठले, मंदिरांचे कळस चढले, कुस्त्यांची मैदानं भरली. त्यांची मुलं बंगाली नाहीतर तमिळ शाळेत शिकतात, सुट्टीत गावाला येतात आणि आजीची बोली अर्धीच समजते. माणदेशाबाहेर वसलेला हा केवढा मोठा माणदेश आहे, आणि मराठी कथेत तो ज्या वजनाने यायला हवा त्या वजनाने आलेला नाही. बनगरवाडीचे धनगर मेंढरं घेऊन निघून गेले तिथे माडगूळकरांनी कादंबरी संपवली. गलाईवाल्याची कादंबरी त्याच वाटेवर, एसटीच्या थांब्यावर सुरू होईल, आणि ती लिहिणारा बहुधा कुठल्या तरी परमुलखातल्या भट्टीशेजारी आज मोबाइलवर काहीबाही टिपून ठेवत असेल. आटपाडीच्या, विट्याच्या वाचनालयांनी आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी त्याचा पत्ता काढावा.